रुपयात भरले, तेच चुकले

नानांच्या गुडघ्यासाठी मी परदेशातून चुंबकाचा पट्टा मागवला आणि नानांनी दोंडाईच्याचा मळा विकायला काढला.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावात तेव्हा इंटरनेट नुकतंच आलं होतं. मी आणि माझी बायको सुनंदा (म्हणजे आमचं मंत्रिमंडळ!) सायबर कॅफेत जाऊन बसलो. परदेशी दुकानाचं पान उघडलं, पट्टा निवडला, नवं कोरं क्रेडिट कार्ड काढलं. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला : कोणत्या चलनात भरणार?

"डॉलर नको हं!" सुनंदा कुजबुजली. "डॉलरवाल्यांना पोलीस धरतात!"

यादीत खाली 'रुपिया' दिसलं. ऊर भरून आला! गोऱ्यांनी आपल्या रुपयाचं नाव पहिल्यांदाच नीट लिहिलं होतं! मी बटण दाबलं. पान रांगत रांगत उघडलं. 'धन्यवाद. आपण भरले चार लाख ऐंशी हजार.' आणि लाइन तुटली!

आम्ही धावतच घर गाठलं. आल्याबरोबर सुनंदाने बांगड्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. "जप्तीवाले तांदूळ उपसत नाहीत ना हो?" दारावर थाप पडली. आम्ही दोघं पलंगाआड! (पेपरवाला होता. बिल मागून, कंटाळून गेला.)

"काय व्हयनं रे भाऊ?" नानांनी विचारलं. सांगावंच लागलं.

नानांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू घाबरू नको. मळा इकी टाकूत." आणि लंगडत लंगडत सुरतच्या गाडीने दोंडाईच्याला गेले सुद्धा! आता मात्र मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी उघडताच बँकेत फोन लावला.

"साहेब, तुमच्या कार्डाची मर्यादाच वीस हजार आहे," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "चार लाख जातील कसे? थांबा... अहो, हे इंडोनेशियाचे रुपये! आपले अडीचेक हजार होतात."

लगेच दोंडाईच्यात मळ्याजवळच्या किराणा दुकानात फोन करून नानांना थांबवलं. गिऱ्हाईक मळ्यात पोचलं होतं!

पुढे सुनंदाने हा किस्सा गल्लीभर रंगवून सांगितला. मी फक्त एका गोष्टीसाठी तिच्यापुढे हात जोडले होते : मी शाळेत भूगोल शिकवतो, तेवढं कुणाला सांगू नकोस!