पप्पांचे सात जोडीदार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तरुण मंडळाची खोली आहे. नाव तरुण मंडळ असलं तरी संध्याकाळी पाच ते सात तिथे पन्नाशीच्या पुढची आठ माणसं कॅरम खेळतात. दोन बोर्ड, प्रत्येक बोर्डावर चौघे, समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. पप्पा त्या आठांतले एक होते. त्यांनी खेळ का सोडला हे मला माहीत आहे. घरात मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पप्पा उचगावजवळच्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची बोटं नीट आली नाहीत. काम सुटलं. कॅरम ते डाव्या हातानं शिकले. स्ट्रायकर रेषेवर ठेवायलाच त्यांना वेळ लागायचा, आणि बऱ्याचदा तो सोंगटीच्या शेजारून निघून जायचा. घरी ते दिवसभर फारसं बोलत नसत. पण साडेचार वाजले की दाढी झालेली असायची, इस्त्रीचा शर्ट अंगात असायचा, आणि आई बटणं लावत असताना ते घड्याळाकडं बघत असायचे.

त्यांचा जोडीदार ठरलेला होता. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. मी त्यांना काका म्हणते. पप्पा दारात दिसले की काका काही न बोलता समोरची खुर्ची पायानं सरकवायचे. दोघं बहुतेक रोज हरायचे आणि हरणाऱ्यांनी द्यायचा चहा सगळ्यांना सांगायचे. काकांना त्याचं काही वाटत असेल असं मला वाटत नाही, पण मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

एकदा तिथे वाद झाला. सगळ्यात चांगले दोन खेळाडू कायम एकत्र बसतात आणि कायम जिंकतात, मग खेळायचं कशाला, असं कुणीतरी म्हणालं. जोड्या बदलत ठेवायच्या असं ठरलं, पण कशा ते कुणाला जमेना. तेव्हा पप्पाच म्हणाले, "माझी पोरगी आकड्यांचंच शिकती की. ती लावून दील."

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सांगून आलोय मंडळात. जमंल न्हवं तुला?"

मी बीएस्सीला आहे, स्टॅटिस्टिक्स घेतलंय. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पोरगी कॉलेजात जाते हे पप्पा सगळ्यांना सांगतात, पण मी नेमकं काय शिकते हे त्यांना कधी सांगता आलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही त्यांना समजावता आलं नव्हतं. आता पहिल्यांदाच माझ्या शिकण्याचा त्यांना उपयोग होणार होता. मी म्हटलं, "जमंल पप्पा."

रीत तशी सोपी आहे. आठ नावं समोरासमोर दोन ओळींत लिहायची. एक नाव जागेवर ठेवायचं आणि बाकीची सात त्याच्याभोवती रोज एक घर पुढे सरकवायची. समोरासमोर येतील ते त्या दिवसाचे जोडीदार. सात दिवसांत प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर एकदाच बसतो. मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. प्रत्येकाविरुद्ध खेळणंही सारखंच यायला हवं होतं, प्रत्येकाशी दोनदा. त्यासाठी दोन दिवस खोडत बसले. तिसऱ्या दिवशी सगळं जुळलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती बराच वेळ बघत राहिली.

जागेवर कुणाचं नाव ठेवायचं, यानं हिशेबात काही फरक पडत नाही. मी पप्पांचं ठेवलं. त्यांचं नाव सगळ्यात वर दिसावं एवढंच मनात होतं. मग पिवळ्या कार्डशीटवर स्केचपेननं सात दिवसांचा तक्ता लिहिला. रोजची पहिली जोडी पप्पांची. पप्पा आणि काका, पप्पा आणि गिरणीवाले, पप्पा आणि टेलर, असं खाली सातपर्यंत. तक्ता गुंडाळून पप्पा स्वतः घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी मंडळाच्या खिडकीपाशी थांबले. तक्ता कसा दिसतो ते बघायचं होतं. आत नुकतीच माणसं जमत होती. पप्पा बोर्डावर पावडर टाकत होते.

"आज कुणाची पाळी?" कुणीतरी विचारलं.

"माझी," टेलर म्हणाले.

"मग चहा सांगूनच बस मर्दा. हरल्यावर कशाला उठतोस परत?"

"माझी काल झाली," गिरणीवाले म्हणाले. "आता हप्ताभर निवांत."

सगळे हसले. पप्पाही हसले. त्यात खरंच कुणाचा वाईट हेतू नव्हता. हीच माणसं झटक्याच्या दिवशी पप्पांना उचलून रिक्षात घालून घेऊन गेली होती. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. आता तो मला त्यांच्यासारखा वाचता आला. पहिल्या रकान्यात एकच नाव सात वेळा, आणि त्याच्यासमोर, पप्पा आज कुणाच्या वाट्याला ते. काका रोज हरत होते तेव्हा पप्पा कुणाच्या वाट्याला नव्हते. मी त्यांना सात जणांत सारखं वाटून दिलं होतं.

चौथ्या दिवशी पप्पांनी दाढी केली नाही. सव्वापाचला काका दारात आले.

"चल की. पाच वाजून गेलं."

"आज न्हाय. पाय दुखतोय."

"पायानं खेळतोस व्हय लेका?"

पप्पा हसले नाहीत. मी आत चहा टाकत होते. बाहेरून पप्पांचा आवाज आला. "आमची आई आमा चौघा भावांकडं म्हैना-म्हैना असायची. तुला ठावं हाय. एक तारीख आली की पिशवी भरून दारात बसायची. कुणी वंगाळ वागलं न्हाय तिच्याशी. जेवायला, औषधाला, सगळं व्हायचं. पर पाळी लावलीती."

काका म्हणाले, "मी बोलतो त्यास्नी. फाडून टाकू त्यो कागद."

"फाडायचा न्हाय," पप्पा एकदम मोठ्यानं म्हणाले. "पोरीनं तीन दिवस खपून केलाय."

मी चहा बाहेर नेला. काकांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्या आठवड्यात मी दुसरा तक्ता केला. त्यात पप्पा आणि काका कायम एकत्र होते आणि बाकीचे सहाजण आपापसात बदलत होते. फार अवघड नव्हतं. आधीच का सुचलं नाही, असं वाटत राहिलं. पप्पांना दाखवला. त्यांनी नीट बघितला आणि परत दिला.

"पयला बरोबर हाय बाळ. सगळ्यांस्नी सारखं झालं. समदी म्हणत्यात."

"तुम्ही जावा की मग."

"जाईन की. बरं वाटू दे जरा."

मला माफी मागायची होती. पण माफी मागायची तर मी खिडकीपाशी उभी होते हे सांगावं लागलं असतं, आणि त्या लोकांच्या हसण्यात पप्पांचंही हसू मी ऐकलं हेही. ते मला जमलं नाही. काका आणखी दोनदा बोलवायला आले. नंतर त्यांचं येणं कमी झालं.

गेल्या महिन्यात पप्पा कोरी कार्डशीट घेऊन माझ्या टेबलापाशी आले. जुना तक्ता फाटलाय, मंडळवाल्यांना नवा हवाय, म्हणाले. मी वही उघडली. "सांगा नावं."

ते खुर्चीत बसून एकेक नाव सांगू लागले. काकांचं, गिरणीवाल्यांचं, टेलरचं. सात झाली. मी पेन धरून थांबले. आठवं त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याचं सांगितलं.

"तो खेळतो?" मी विचारलं.

"बरा खेळतोय. दोन म्हैनं झालं यतोय." मग म्हणाले, "त्येचं नाव नीट लिही. नवा हाय."

मी आठही नावं लिहिली. ते शेजारी बसून राहिले, तक्ता पुरा होईपर्यंत.