नकाशातलं भडोच

आमच्या ह्यांनी पुण्यात एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी नकाशावर पट्टी टेकवून ते मुलांना सांगत, "हे भडोच. नर्मदेकाठचं प्राचीन बंदर." स्वतः मात्र त्या बाजूला कधी फिरकले नव्हते. त्यामुळे खराडीत नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने पसंत केलेला मुलगा नेमका भडोचचा निघाला, तेव्हा मुलाबद्दल काही विचारायच्या आधी ह्यांनी विचारलं, "घर नदीपासून किती लांब?"

लग्नानंतरच्या जानेवारीत आम्ही व्याह्यांकडे गेलो. दुपारी उंधियुवर आडवा हात मारून झाला, चहा झाला, आणि हे बंदर बघायला चपला घालून दारात उभे.

"साहेब, अब बंदर-वंदर कुछ नहीं रहा," व्याही म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले, सौम्य गृहस्थ. "गाडी निकालता हूँ, मॉल दिखाता हूँ."

"नको नको, हम चलके जाएँगे. हमको सब मालूम है."

जुन्या गावातल्या चढाच्या बोळांतून आम्ही निघालो. घरांच्या लाकडी सज्ज्यांवर कपडे वाळत होते, ओट्यांवर बायका मटार सोलत होत्या, आणि हे मला हस्तिदंत, मलमल आणि अरबी जहाजं समजावून सांगत होते. अर्ध्या तासाने मी म्हटलं, "अहो, ह्या सोनाराच्या दुकानावरून आपण मघाशीच गेलो."

"तसं दुसरं असेल."

दुसरं कसलं! सोनार ओळखीचं हसला. 

पुण्यात अनोळखी माणसाला पत्ता सांगायला हे रस्ता ओलांडून जातात, पण स्वतः कुणाला विचारणं म्हणजे कमीपणा. शेवटी मी चालायचं थांबले, तेव्हा नाइलाजाने ते खारे शेंगदाणे विकणाऱ्या एका भय्याकडे वळले. "भाईसाब, बंदर किधर है?"

"बंदर? ऊपर, मंदिर के पीछे. शाम को आते हैं. चष्मा सँभालना, बाबूजी."

ह्यांचा चेहरा उजळला. "बघ! संध्याकाळी येतात म्हणाला. म्हणजे बोटी अजून चालू आहेत."

"आणि चष्म्याचं काय?"

"नदीचा वारा असणार."

वीसेक पायऱ्या चढून आम्ही देवळामागे पोचलो. तिथल्या भिंतीवर ओळीने आठ-दहा काळ्या तोंडाची वानरं बसली होती. एकाने ह्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. ह्यांनी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला. मी तिथेच पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"गुजरातीत बंदर म्हणजे बंदरच," हे म्हणाले.

"तो गुजराती नव्हता."

"ती त्याची चूक."

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. कुठे आहात विचारून दहा मिनिटांत ते स्कूटरवरून हजर. वानरं पाहून त्यांना सगळा प्रकार कळला असावा, पण ते सभ्य माणूस, हसले नाहीत. आम्हाला देवळाच्या पलीकडच्या लांबलचक पायऱ्यांनी खाली नदीवर घेऊन गेले.

आणि तिथे आमचे हे पायरीवरच थबकले. नर्मदा एवढी रुंद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. पलीकडचा काठ नुसता धूसर दिसत होता. अलीकडे चिखलात दोन मच्छीमारी होड्या, जाळं विणत बसलेला एक म्हातारा. बस, बंदर एवढंच. मला वाटलं, हे आता खट्टू होणार. पण ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "अगं, ती जलपर्णी बघ. नदी उलटी चालली आहे!"

खरंच, पाण्यावरचे हिरवे पुंजके समुद्राकडून वर येत होते.

"भरती है," व्याही म्हणाले. "दरिया यहाँ तक आता है. पहले जहाज इसी पर चढ़के आते थे."

हे खालच्या पायरीवर बसले. मग हळूच मला म्हणाले, "हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही. जहाजं आत कशी येत होती, हा प्रश्न मला पडलाच नाही बघ." एकतीस वर्षांत आपलं काही राहून गेलं, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. चिमटा काढायला संधी उत्तम होती, पण काढवेना.

व्याही शेजारी टेकले. "मैं भी पंद्रह साल बाद नीचे उतरा हूँ," ते जरा ओशाळून म्हणाले. "रोज पुल से देखता हूँ."

"आम्ही तर आमची मुठा पुलावरूनसुद्धा नाक दाबून बघतो," हे म्हणाले. ते मला हिंदीत सांगावं लागलं, तेव्हा कुठे व्याही मोकळेपणी हसले.

मग विहीणबाईंचा फोन आला. भाकऱ्या थापायला घेऊ का विचारत होत्या. व्याह्यांनी "निकल ही गए हैं" असं ठणकावून सांगितलं, फोन खिशात टाकला, आणि बूट-मोजे काढून दोन्ही पाय पाण्यात सोडले. ह्यांनीही चपला काढल्या.