दौलत साटोणेचं सुतक

माझ्या आजीला राग धरता येतो. वच्छलाबाई तिचं नाव, वय ब्याऐंशी. गुडघे, साखर, मोतीबिंदू हे सगळं तिच्याकडे चारचौघींसारखंच आहे, पण वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत तिची ओळख वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. तिनं एकदा बोलणं टाकलं की टाकलं. समोरच्या घरातल्यांनी आमच्या भिंतीला लागून नाली काढली, त्याला आता वीस वर्षं होतील. त्या घरच्या दिवाळीच्या फराळाचं ताट आजही ती झाकलेलंच परत पाठवते.

पण तिचा सगळ्यांत जुना राग रोहण्याचा. आर्वी तालुक्यातलं रोहणा हे तिचं माहेर. तिथं साटोण्यांचा तेलाचा घाणा होता, किराण्याचं दुकान होतं, थोडं वावर होतं. भाऊ दोघं. मोठा हिरालाल, धाकटा दौलत. दौलत म्हणजे आजीचे वडील. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा आर्वीच्या बाजारात भरतीवाले आले. आसाम-ब्रह्मदेशाकडं लढाईसाठी रस्ते बांधायचे होते, त्याला माणसं हवी होती. दौलतचं मन नव्हतं म्हणतात. हिरालालनं त्याला स्वतः नेऊन उभं केलं. आजी तेव्हा आईच्या पोटात होती.

लढाई संपली. आजूबाजूच्या गावांतले भरती झालेले परत आले, दौलत आला नाही. मग हिरालालनं गावात सांगितलं की तो पलटणीतून पळाला, तिकडंच कोण्या बाईसोबत राहतो, त्याच्या नावानं वॉरंट आहे. कोणी चौकशीला जाऊ नका, गेलात तर पोलीस आधी त्याच्या बायकोलाच उचलतील.

बायकोचं नाव आनंदाबाई. तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची होती. तिनं ऐकलं आणि मानलं. त्यानंतरचं सगळं आयुष्य तिनं थोरल्या दिराच्या घरी भाकरी थापत आणि घाण्यावर तीळ पाखडत काढलं. नवरा जिवंत, म्हणून कपाळाला कुंकू. नवरा पळपुटा, म्हणून मान नाही. कोणी तिच्या हिश्शाचा विषय काढला तर हिरालालचं उत्तर ठरलेलं असायचं, "माहा भाऊ जित्ता हाय. तो येईन तवा त्याले देईन." वटसावित्रीला ती वडाला सूत गुंडाळायला गेली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सात जन्म पळपुटाच मागून राह्यली, असं म्हणायच्या. आजी तिचं बोट धरून उभी असायची. शाळेतली पोरं आजीला 'पळपुट्याची वच्छी' म्हणत.

आनंदाबाई नव्वद साली गेली. सवाष्ण म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, ओटी भरली. नशीबवान गेली, असं लोक म्हणाले. तोवर आजीला लग्न होऊन वर्ध्यात येऊन जमाना झाला होता, हिरालालही चार वर्षांपूर्वी मेला होता. आईला पोचवून आजी आली आणि पुन्हा रोहण्यात राहायला म्हणून कधी गेली नाही.

मी नालवाडीच्या एका शाळेत शिकवते. गेल्या माघात तिथल्या रक्षामॅडम बोलता बोलता म्हणाल्या की महायुद्धात मेलेल्या सगळ्या शिपायांची नावं आता इंटरनेटवर शोधता येतात, अगदी हमाल आणि सडक बांधणाऱ्यांचीसुद्धा. मी घरी येऊन आजीला सांगितलं.

"पळालेल्याचं नाव कायले राहीन त्यात?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता स्वतःच म्हणाली, "पाह्य तं खरं, प्रेरणा."

आधी आम्ही वर्ध्यातल्या सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथल्या निवृत्त सुभेदारांनी नीट ऐकून घेतलं, पण त्यांना पलटणीचं नाव हवं होतं. आजीला आईकडून एवढंच माहीत होतं की 'सडकेची पलटण'. मग मी शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ बसून शोधू लागले. दौलत खूप निघाले, साटोणे एकही नाही. शेवटी आडनावाचं स्पेलिंग उलटसुलट करून पाहिलं तेव्हा एक जण सापडला. नथ्थूचा मुलगा, आनंदाबाईचा नवरा, राहणार रोहणा, जिल्हा वर्धा. मृत्यू मे १९४४, तारखेसकट. ज्यांचं प्रेतच मिळालं नाही अशा शिपायांच्या स्मारकावर, रंगूनजवळ, त्याचं नाव कोरलेलं आहे. कसा मेला ते कुठंच नव्हतं.

मी वाचून दाखवलं. आजीनं पुन्हा वाचायला लावलं.

"माह्या मायचं नाव हाय त्यात?"

"आहे."

"चव्वेचाळीस म्हणजे मी केवढी?"

"वर्षाचीही नव्हतीस."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. "मोठेबाबाले माहीत होतं का?" तिनं विचारलं. हिरालालला ती मोठेबाबा म्हणत असे.

त्या प्रश्नाचं उत्तर चैत्रात मिळालं. हिरालालचा मुलगा गजेंद्र आमच्याकडं पत्रिका घेऊन आला. तो आता सत्तरीचा आहे, घाण्याच्या जागी त्याचं बियाणं-खतांचं मोठं दुकान आहे. त्याचा नातू अंकित याचं वैशाखात लग्न होतं, मुलगी हिंगणघाटची. "ताई, आठ दिवस आधी येजो," तो म्हणाला. "आता घरात तूच मोठी."

आजीनं चष्मा लावून पत्रिका वाचली. सगळ्यांत वर कै. हिरालाल साटोणे यांचे कृपाशीर्वाद होते.

"माह्या बापाचं नाव नाई यात, गजू."

"आता ताई, काकाचं काय लिवाव? जित्ता का मेला तेच ठाऊक नाई."

"मेला. चव्वेचाळीसच्या मे महिन्यात. बर्मात."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. कोणीही विचारलं असतं, कसा मेला, कुठं मेला. गजेंद्रनं खाली बघत विचारलं, "तुले कोणी सांगतलं?"

आजीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी तुह्या जागी असती तं इचारलं असतं, कसा मेला. तू इचारते, कोणी सांगतलं. म्हणजे तुले ठाऊक होतं."

मग त्यानं सांगून टाकलं. दौलत मेल्याची तार घरी आली होती. ती हिरालालच्या हातात पडली, त्यानं वाचून चुलीत घातली. मरायच्या आदल्या वर्षी त्यानं हे मुलाला सांगितलं आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

"आदल्या वर्षी म्हणजे पंच्याऐंशीत," आजी म्हणाली. "माय नव्वदीत गेली. पाच वर्ष तू तिच्या हातची भाकर खात राह्यला."

"सांगून काय झालं असतं, ताई? म्हातारपणी तिचं कुंकू पुसलं असतं. जीव नाई झाला माहा."

"तुमी तिचं कुंकू नाई जपलं गजू. तिचा हिस्सा जपला."

चहा तसाच राहिला. जाताना तो उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पोट्ट्याच्या लगनाले येजो. त्याचा काही संबंध नाई याच्यात."

दोन दिवसांनी तिनं मला ऑटो बोलवायला सांगितला आणि आम्ही नालवाडीला अच्युत गुरुजींकडं गेलो. तिनं सरळ विचारलं, ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याचं काय करतात? गुरुजींनी समजावलं. पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, मंत्रानं अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. पुढं दहावं, तेरावं सगळं रीतीप्रमाणं.

"अग्नी कोण देते?"

"मुलगा नसेल तर मुलगी देऊ शकते, हल्ली देतात. नाहीतर सख्खा पुतण्या."

"पुतण्या हाय. अन् सुतक?"

"दहा दिवस. सगळ्या भाऊबंदांना."

"वैशाखातला दिवस काढा," आजी म्हणाली आणि साधारण कोणता आठवडा हवा तेही तिनंच सांगितलं. गुरुजींना लग्नाचं ठाऊक नव्हतं. त्यांनी पंचांग पाहून तारीख दिली. परत येताना ऑटोत मी मनातल्या मनात हिशोब केला तेव्हा लक्षात आलं. अंकितची हळद सुतकात येत होती.

"आजी, लग्न आहे त्यांच्याकडं."

"माहीत हाय मले."

"पंधरा दिवसांनी केलं तर काय बिघडतं? एवढी वर्षं गेलीच ना?"

"माही माय थांबली जलमभर. आता त्यायनं थांबाव."

घरी येताच ती फोन घेऊन बसली. आर्वीचे साटोणे, पुलगावचे साटोणे, नागपूरला गेलेले, सगळ्यांना तिनं स्वतः कळवलं. प्रत्येकाला तेच शब्द. माह्या बापाचा पालाशविधी हाय, रोहण्याले, गजूच्या हातून, येजा. गजेंद्रला मात्र तिनं फोन केला नाही. त्याला ते दुसऱ्यांकडून कळलं. हिंगणघाटच्या व्याह्यांपर्यंतही गेलंच. व्याही गजेंद्रला म्हणाले, घरातल्या माणसाला अजून अग्नी मिळाला नाही आणि तुम्ही मांडव घालता? आधी ते उरका, मुलगी मग देऊ.

गजेंद्र पुन्हा आला. या वेळी आजीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, मीच दिलं.

"मी करतो, ताई. डोकं भादरतो, सगळं करतो. फक्त लगन होऊ दे."

"होऊ दे की. एक काम कर. रोहण्यात चार माणसं गोळा कर अन् तुह्या बापानं काय केलं ते तुह्या तोंडानं सांग. मंग लगनानंतर कर."

त्यानं गुडघ्यावर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. "तो माहा बाप होता, ताई."

"मलेही बाप होता."

तो उठला. "तारीख ठेव तुही. लगन पुढं ढकलतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर अंकित एकटाच येऊन गेला. चांगला मुलगा आहे, पुण्यात नोकरीला असतो. रागावला नव्हता, नुसता थकलेला दिसत होता. "आजी, माहं काय चुकलं ते तरी सांग," म्हणाला.

"तुहं काहीच नाई चुकलं, बाबू," आजी म्हणाली. "माह्या मायचंही काही चुकलं नव्हतं." आणि तिनं त्याला जेवायला वाढलं. तो जेवला. मला त्या दिवशी आजीचा राग आला आणि तसं मी तिला म्हटलंही. "येऊ दे," ती म्हणाली, "तुह्या रागानं मी मरत नाई."

विधीच्या दिवशी सकाळीच ऊन चटके देत होतं. रोहण्याच्या नाल्याकाठी सगळे साटोणे जमले होते, गावातलेही बरेच आले होते. न्हाव्यानं गजेंद्रचं डोकं केलं. पांढरे केस मातीत पडत होते आणि तो डोळे मिटून बसला होता. गुरुजींनी पळसाच्या देठांचे हात, पाय, छाती रचली. तो माणूस हळूहळू तयार होत गेला. आपण ज्याला संगणकाच्या पडद्यावर शोधलं तो खरोखरच कोणीतरी होता, हे मला तेव्हा कळलं.

गुरुजींनी संकल्पासाठी मृताचं नाव आणि मृत्यूचा काळ विचारला. गजेंद्र सांगायला लागला तेवढ्यात आजी मध्ये बोलली. आवाज मोठा, सगळ्यांना जाईल असा.

"दौलत नथ्थूजी साटोणे. चव्वेचाळीस साली लढाईत मेला. पळाला नव्हता. तार आलती घरी. हिरालालनं चुलीत टाकली, अन् या गजूले चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं."

गुरुजींचा हात थांबला. गजेंद्रनं मान वर केली नाही आणि 'खोटं आहे' असंही तो म्हणाला नाही. त्यानं मांडव पुढं ढकलायचा आणि त्याबदल्यात तू गप्प राहायचं असं काही ठरलं होतं का, असं मी नंतर आजीला विचारलं. ती म्हणाली, "त्यानं मनात ठरवलं असंन. मी कुठं कबूल केलतं?"

काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. कमलाबाई, आनंदाबाईच्या शेजारची, नव्वदीची. "आमी हासत होतो वो तिले, वडाजवळ," ती म्हणाली.

"हो," आजी म्हणाली. "तू बी हासत होती."

कमलाबाई मागं सरकली.

गजेंद्रनं अग्नी दिला. वाळले देठ भराभर पेटले, नारळ फुटला. सगळे ज्वाळांकडं बघत होते. आजी गजेंद्रकडं बघत होती, त्याच्या भादरलेल्या डोक्याकडं, धोतराला लागलेल्या मातीकडं, आणि आग विझेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

वैशाख गेला. पुढचे मुहूर्त हिंगणघाटकडच्यांना जमले नाहीत, लग्न तुळशीच्या लग्नानंतर गेलं. हॉलवाल्यानं तारीख दुसऱ्याला दिली. रोहण्यात आता हिरालालचं नाव निघालं की आधी चुलीचं निघतं, असं रक्षामॅडमच्या तिकडच्या नातेवाइकांनी सांगितलं. मी ते आजीला सांगितलं तेव्हा तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिला पश्चात्ताप झाल्याचं मला कधी दिसलं नाही. वडिलांचा चेहरा कसा असेल, असंही ती विचारत नाही. आईबद्दल मात्र आता रोज काहीतरी बोलते.

भाद्रपदात, पितृपक्ष लागला त्या दिवशी गजेंद्रचा फोन आला. आजीनं उचलला, मला वाटलं कापेल.

"ताई, काकाचं पान कोणत्या तिथीले वाढाव? महिना ठाऊक हाय, तिथी नाई."

"तारीख प्रेरणाले ठाऊक हाय. गुरुजीकून तिथी काढते अन् कळवते ती," आजी म्हणाली. "अन् हे पान आता दरसाल वाढाचं. तू हायेस तवर तू, मंग अंकित."

"हो, ताई. अन् अंकितच्या लगनाले तू..."

पण तोवर तिनं फोन ठेवला होता.