मिश्रीची डबी

मी शेवगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पेशी आधी विभाजन थांबवते, तुटलेलं सांधू पाहते आणि नाहीच सांधलं तर स्वतःला संपवते. हा धडा मी पुस्तक न उघडता शिकवू शकतो. तंबाखूने अशी इजा होते, हेही त्याच तासाला सांगतो. मुलं लिहून घेतात.

आणि दर आठवड्याला बाजारातून आईसाठी तंबाखू मीच आणायचो. तिची नजर अधू झाल्यापासून ती तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि मिश्रीची डबी भरून ठेवायची, हे कामही माझ्याकडेच आलं होतं. आमच्याकडे मिश्री लावणं म्हणजे दात घासणं. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. मिश्री नाही लावली तर तिचं डोकं दुखायचं. या वयात कशाला तिच्या मागे लागा, म्हणून गप्प बसलो. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तेव्हाही तोंड आलंय म्हणून चार महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मला माझीच चीड येते.

आता नगरला तिला रेडिएशन देतात. ती त्याला शेक म्हणते. गालातल्या कॅन्सरची गाठ मानेत उतरली आहे. किरणांनी पेशींचा डीएनए कसा तोडतात हे डॉक्टर मला समजावत होते आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होतो.

परवा परत येताना गाडीत तिने विचारलं, हे होतं तरी कसं? मी म्हणालो, रोज थोडं बिघडतं, रोज दुरुस्तही होतं. पण ‘थांब’ म्हणणारं जनुकच बिघडलं, की मग कुणी थांबवत नाही.

बोलायला तिला त्रास होतो.

“थांब म्हननाऱ्याचा काय दोस,” ती म्हणाली. “माझं मन मोडवलं नसंल त्येला.”

मला तिच्याकडे बघता आलं नाही.

घरी आल्यावर तिने डबी मागितली. ती फेकायची राहूनच गेली होती. लावायची नाही, म्हणाली, नुसता वास घेऊ दे. तोंड आतून इतकं सोललंय की पाणीसुद्धा झोंबतं. मी नाही म्हणणार होतो. मग झाकण काढलं आणि डबी तिच्या नाकाशी धरून उभा राहिलो.