म्हशीला न पटलेली दुरुस्ती

हसायचंच असेल तर आधीच पोटभर हसून घ्या. कारण ही फजिती सांगताना मधे कुणी हसलं की माझीही गाडी घसरते आणि चहा गार होतो.

टेप घरोघरी नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. शाहूपुरीत एका जिन्याखाली मी टेप-ट्रान्झिस्टर दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. थाटलं म्हणजे काय, उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं! त्यामुळं मी सगळ्यांशी बसूनच बोलायचो आणि गल्लीत बोभाटा झाला, की नवा मिस्त्री लई शेफारलाय. शेफारायला गिऱ्हाईक कुठं होतं? कोर्सात पहिला नंबर आलेला, हुशारी उतू चाललेली, आणि ती दाखवायला टेप मिळेना.

अशात हौसामावशी आल्या. आवाज असा, की पलीकडच्या चौकातला सायकलवाला वळून बघायचा. एकटी बाई, दावणीला एक म्हैस, आणि तिच्या दुधावर चाललेलं घर. काखेत जावयानं दिलेला टेप होता. त्याचं झाकण जागेवर राहत नव्हतं म्हणून सुतळीनं बांधलेला.

"मिस्त्री, एवढं झाकान बशिवा. बाकी कशाला हात लावू नगासा. आनि मला धारंच्या आधी पायजे."

आता तुम्हीच सांगा, एवढ्या दिवसांनी हातात टेप आल्यावर मी नुसतं झाकण बसवून गप्प बसणार होय? कॅसेट लावून बघितली. आत एक बाई भजन म्हणत होती, पण आतला रबरी पट्टा सैल पडलेला. चाल अशी लांबली होती, की बाईचा पार बुवा झाला होता आणि एक ओळ संपेपर्यंत माझा कपभर चहा पिऊन व्हायचा. मला मावशींची दया आली. चांगलं गाणं कसं असतं हेच विसरल्या असतील बिचाऱ्या! मी नवा पट्टा घातला, हेड पुसलं, मोटरला तेल दिलं आणि जुना पट्टा गटारात भिरकावला. बुवाची परत बाई झाली. संध्याकाळी मावशींनी घाईघाईनं झाकण उघडझाप करून बघितलं आणि टेप घेऊन गेल्या. बाकीचं मी मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, घरी लावतील तेव्हा हरखून जातील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी हजर. टेप फळीवर आदळला.

"ह्यो आमचा टेप न्हवं."

टेप बदलला, म्हणजे सरळ चोरीचाच आळ की! मी कोपऱ्यातला पोचा दाखवला, जावयानं खिळ्यानं कोरलेलं नाव दाखवलं. मावशी ऐकेनात. पेटी आमची असंल, आतलं माणूस आमचं न्हाय, हे त्यांचं एकच पालुपद. माणसं जमली. एकजण म्हणाला पोलिसात द्या, दुसरा म्हणाला आधी उघडून बघा, आतलं सामान काढून घेतलं असंल. मीही पेटलो आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवून सगळ्यांपुढं नाचवलं. त्यानं संशय आणखीच वाढला.

शेवटी शेजारचे घड्याळवाले युसूफचाचा उठून आले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मावशींना एवढंच विचारलं, की टेप बदललाय हे ओळखलं कुणी?

"म्हशीनं," मावशी म्हणाल्या.

जमलेली माणसं खो-खो हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मावशींनी मात्र पदर डोळ्याला लावला.

झालं होतं असं. महिन्यामागं चंद्रीचं, म्हणजे त्यांच्या म्हशीचं, रेडकू दगावलं. तेव्हापासून ती पान्हा सोडेना, कासेला हात लावू देईना. असंच चाललं तर म्हैस आटणार, आणि आटलेली म्हैस पोसायची मावशींची ऐपत नव्हती. एक व्यापारी येऊन बघूनही गेला होता. अशात एकदा गोठ्यात टेप लागला. ते रेंगाळणारं घोगरं भजन ऐकून चंद्रीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. आता माझी दुरुस्त झालेली बाई गायला लागली, की चंद्री बादलीला लाथ घालत होती. दोन वेळची धार निघाली नव्हती. आणि हे सगळं माझ्या हुशारीनं केलं होतं!

चाचा आणि मी काठीनं गटार ढवळलं. काय सोनंबिनं पडलंय काय, म्हणून आणखी चौघं वाकले. पट्टा कधीच वाहून गेला होता.

मग टेप घेऊन मी गोठ्यात गेलो. चंद्रीच्या तोंडापुढं उकिडवा बसलो, टेपचं मागचं झाकण काढलं आणि फिरत्या चाकाला बोट टेकवलं. चाल लांबली. बाईचा बुवा झाला. चंद्रीनं मान पुढं केली आणि माझं तेल लावलेलं डोकं चाटायला लागली. हलायची सोय नव्हती, बोट निघालं की बाई खडखडीत बरी होणार! एवढ्यात पलीकडं मावशींच्या बादलीत धार वाजली. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला रडूच आलं.

मग रोज दोन वेळा हीच नोकरी. पहिल्या नंबरचा मिस्त्री म्हशीपुढं बोट दाबून बसलेला, आणि म्हैस त्याचं डोकं चाटतेय. मधल्या वेळात नवे पट्टे खिळ्यांवर ताणून उन्हात ठेवायचे. एखादा घसरायचाच, एखादा पुरेसा सैल व्हायचा नाही. चांगलं करायला मला अर्धा दिवस लागला होता, वाईट करायला पंधरा दिवस लागले. पण जमलं! चाचांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "शाब्बास. पुरा बिघडला."

ऐटीत मावशींकडं गेलो. टेप खुंटीला टांगून चालू केला आणि दारात उभा राहिलो. भजन हुबेहूब रेंगाळलं. मावशी धारेला बसल्या आणि चंद्रीनं बादली उडवली.

टेप उतरवायला जवळ गेलो, तर चंद्रीनं मान लांब करून माझं डोकं चाटायला घेतलं.

मावशींनी बादली सरळ केली. "मिस्त्री, टेप बंद करा. उगं सेल कशाला जाळायचं? खाली बसा."

बसलो. धार सुरू झाली.

"आता टेपाचं कायबी न्हाय वो," धार काढता काढता मावशी म्हणाल्या. "तिनं तुमास्नीच रेडकू धरलंय."