कॉलेजच्या बूथवरचं बाचं मत

बाचं नाव गावच्या मतदार यादीतून काढून कॉलेजच्या बूथवर मीच आणलं. कोणी मागं लागलं नव्हतं. आई गेल्यावर बा माझ्याकडे राहायला आला, हे कारण फॉर्मपुरतं. खरं सांगायचं तर बानं एकदा शिकलेल्या लोकांच्या रांगेत उभं राहावं, ही माझी हौस होती.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ज्या कॉलेजात बी.ए. केलं तिथंच आज वरिष्ठ लिपिक आहे. यवतमाळहून तासाभराच्या वाटेवरचं आमचं हे तालुक्याचं गाव. कॉलेजच्या मागं प्राध्यापक, वकील, बँकेतले आणि तहसीलमधले लोक राहतात. त्यांच्यात माझंही एक घर आहे, लहान असलं तरी स्वतःचं. बाची पाच एकर कापूस-तूर आता गावी धाकटा भाऊ करतो. बाला वाचता येत नाही, पण सही येते. मी सातवीत असताना पाटीवर गिरवून घेतली होती. नाव बदलायच्या फॉर्मवर त्यानं ती सही केली तेव्हा कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू वाचलं ना? मंग झालं."

गावात मतदानाच्या दिवसाची बाची एक रीत होती. धुतलेलं धोतर नेसायचं आणि सात वाजायच्या आत शाळेसमोर हजर व्हायचं. त्याच्या वयाचे पाच-सहा म्हातारे रांगेत सगळ्यात पुढं असायचे. मत दिलं की शाळेच्या कडुलिंबाखाली बसून पान खायचं, पण कोणी कोणाला विचारायचं नाही. आमचं गाव काही देवाचं नव्हे. तिथं निवडणुकीत दारूही वाहिली आहे आणि डोकीही फुटली आहेत. कोणाची सून कोणाशी भांडली ते सगळ्यांना माहीत असतं. पण या म्हाताऱ्यांनी तेवढी एक गोष्ट पाळली. बानं आईलाही कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, "त्यायचं मत त्यायचं, माह्यं माह्यं. बाकी सारं हाये ना सामायिक!"

लोकसभेची निवडणूक लागली आणि आमच्या वस्तीतल्या शिकलेल्या माणसांची मला खरी ओळख पटू लागली.

वस्तीत राज्यशास्त्राचे एक सर आहेत. आता निवृत्त झालेत, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. गुप्त मतदान म्हणजे काय ते मला यांनीच शिकवलं. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी चार पानं लिहून आलो होतो. मतदानाच्या आधी दोन दिवस त्यांच्या हॉलमध्ये बैठक झाली. मला वाटलं, उमेदवारांवर चर्चा होईल. कोणी पाण्याचं काढेल, कोणी बंद पडलेल्या वसतिगृहाचं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघा, विकास-बिकास ठीक आहे. पण शेवटी आपला माणूस तो आपला. आपलं एकही मत फुटायला नको."

तेवढीच चर्चा. तिथं दोन पीएच.डी. होते, एक वकील होता, तीन मास्तर होते. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. तेवढ्यात पोहे आले. वकिलानं वरून शेव मागितली. मी पण पोहे खाल्ले. ते आठवलं की आजही तोंडाची चव जाते.

मतदानाच्या दिवशी बा पहाटेच उठून बसला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. पावणेसातला मी त्याला कॉलेजात घेऊन गेलो. बूथ नेमका माझ्या बी.ए.च्या वर्गात होता. मी मोठ्या तोऱ्यात दाखवलं, "बा, मी या बाकावर बसत जाओ."

बानं बाक पाहिला आणि मग रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिलं.

"काहून रे, कोणी मेलं काय इथं? येवढं सामसूम?"

यादी घेऊन बसलेल्या मॅडम हसल्या. "आजोबा, हे शिकलेल्यायचं बूथ हाये. इथं गर्दी होत नसते."

ते खरंच होतं. सुट्टीला शनिवार-रविवार जोडून अर्धी वस्ती आदल्या दिवशीच चिखलदऱ्याला पळाली होती. 'एकही मत फुटायला नको' ऐकून पोह्यांवर शेव मागणाऱ्या त्या वकिलानं तिथल्या दरीचे फोटो पाठवले. उरलेले चारनंतर गाड्यांमधून आले, शाईचं बोट वर करून दारात फोटो काढले आणि गेले. त्या उन्हात गावाकडच्या बाया लेकरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या, हे भावानं फोनवर सांगितलं. बानं ते ऐकलं आणि नुसती मान हलवली. सकाळी मत दिल्यावर त्याच्याजवळ पान होतं, पण संगतीला बसायला कोणी नव्हतं.

इथवर मला नुसता वीट आला होता. शिसारी आली ती निकालानंतर.

मोजणीला बसलेले प्रतिनिधी बूथनिहाय आकडे उतरवून आणतात. कॉलेजच्या बूथचा आकडा वस्तीच्या ग्रुपवर पडला. झालेलं जवळजवळ सगळं मतदान 'आपल्या माणसाला'. समोरच्या उमेदवाराची मतं हातापायाच्या बोटांत मावतील एवढीच. लगेच सरांचा संदेश आला, "हे कोण महाभाग? शोधा जरा!" खाली हसरे चेहरे.

आणि खरंच शोधायला लागले. ज्यांनी दरवर्षी संविधान दिनाला पोरांकडून उद्देशिका म्हणवून घेतली, ते लोक यादी काढून बसले. वॉचमनच्या घरचे चार. गॅरेजवाल्याचे तीन. धुणंभांडी करणारी बाई, "ती तर नक्कीच." मग कोणीतरी लिहिलं, "आपल्या लिपिकाचे वडील? गावाकडचे आहेत, सांगता येत नाही." मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवून दिला. उत्तर द्यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा नेहमीसारखा कॉलेजच्या मैदानावर बाकड्यावर बसला होता. मी त्याला घ्यायला गेलो. फिरायला आलेले सर आणि दोघं-तिघं त्याच्यासमोर उभे होते.

"काय भाऊ," सर म्हणाले, "तुम्ही नाही ना त्या दुसऱ्या गोटात?"

बा म्हणाला, "मले आजलोक कोणी हे इचारलं नाही, सर."

"म्हणजे आहात!"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "लाजू नका हो बाबा, आम्ही काय खाऊन टाकू काय?"

बानं टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. साठ वर्षं जी गोष्ट त्यानं बायकोला सांगितली नाही, ती चार सुशिक्षित माणसं सकाळच्या प्रहरी मैदानावर त्याच्याकडून ओरबाडत होती. मी चार पानं लिहिलेला पदवीधर. 'सर, हे विचारायचं नसतं,' एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण मला कार्यकारिणी दिसली, ऑफिसातली माझी खुर्ची दिसली. मी हसून म्हणालो, "नाही हो सर, बानं आपल्यालाच दिलं. मी सांगूनच पाठवलं होतं."

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! शिकलेला पोरगा घरात असला की असं असतं."

घराच्या फाटकापर्यंत बा माझ्यापुढं चालला. फाटकाशी थांबला.

"तुले कोणं सांगतलं, मी कोणाले देल्लं ते?"

"बा, लोकायपुढं तसं म्हणा लागते."

"कायले म्हणा लागते?"

मी फाटकाची कडी काढू लागलो.

"मी तुले सही देल्ली होती," तो म्हणाला, "फॉर्मावर. माह्या मतावर तूच सही करून टाकली."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. शिसारी मला त्या माणसांची आली होतीच, पण त्या दिवशी आरशापुढं दाढी करताना लक्षात आलं की त्यांच्यात आणखी एक तोंड आहे. बानं कोणाला मत दिलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. मी कोणाला दिलं ते इथेही लिहीत नाही. तेवढं तरी त्याच्याकडून घेतलं.

बा त्यानंतर मैदानावर गेला नाही. पंधरा दिवसांनी पिशवी भरून म्हणाला, "पेरणी आली. घाटंजीच्या गाडीनं गावाले जातो. अन् माह्यं नाव वापस गावात टाकून दे."

मी कागद आणला. पेनानं सगळं भरलं, जुना पत्ता, नवा पत्ता. त्याच्यापुढं ठेवून सहीची जागा बोटानं दाखवली. बानं पेन धरलं आणि थांबला.

"वाच."

"बा, मागचाच फॉर्म हाये. फक्त पत्ता..."

"तरी वाच. वरतून."

मी वाचायला लागलो. नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, पत्ता वाचला. मधल्या बारीक अक्षरांपाशी आलो आणि ती सोडून पुढं जाणार, तेवढ्यात त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"हे बी."