आईचं रिटर्न तिकीट

परदेशात पहिल्या वर्षी घरात फर्निचर कमी आणि किस्से जास्त. ऑकलंडमध्ये आमची वसई-विरारची तीन घरं होती. बोळिंजचे मी आणि स्मिता, वसईच्या वाडीतले आयरीन आणि नेल्सन, आणि जूचंद्रचा प्रशांत. शनिवारी जेवायला जमलो की कुणीतरी म्हणणारच, "तो आईंचा सांग ना!" की झालं, ताटातला भात गार!

२००३ ची गोष्ट. बाबा गेले आणि आई बोळिंजच्या फ्लॅटमध्ये एकटी पडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरणारे. एकुलता एक मुलगा मी, तो इकडे. भारतातून फोन आला की आधी घड्याळ बघायचो, तिकडे मध्यरात्र तर नाही ना? शेवटी तिला बोलावून घेतलं. तिने अट घातली, रिटर्न तिकीट पाहिजे. "सहा महिने बघते. करमलं तर राहीन. नाहीतर मला अडवायचं नाही." कबूल केलं, दुसरं काय करणार?

* * *

पहिला किस्सा विमानतळावरच. आयरीनसाठी तिने वसईची सुकेळी आणली होती, म्हणजे आपली वाळवलेली केळी. तिथल्या ऑफिसरने खुणेने सांगितलं, हे आत नेता येणार नाही, टाकून द्यावं लागेल. आई म्हणे तिथेच बाकावर बसली आणि एकेक सुकेळं खायला लागली. बाहेर मी आणि स्मिता तासभर ताटकळतोय! आल्या आल्या पहिलं वाक्य, "आता मला जेवायला नको."

* * *

तेव्हा विरारला आमच्याकडे पाणी यायचं तासभर, तेही एक दिवसाआड. ती सवय काय विमानात बसल्याने सुटते? प्रशांतने तर इथे भाड्याचं घर बघताना मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला होता, पाणी किती वाजता येतं?

दुसऱ्या दिवशी आई पहाटे उठली आणि घरातली पातेली, डबे, कुकर, झालंच तर स्मिताचा फ्लॉवरपॉट, सगळं भरून ठेवलं. बाथटब काठोकाठ. मी म्हटलं, अगं, इथे चोवीस तास पाणी असतं. तर मलाच ओरडली, "घरात एवढी मोठी टाकी बांधून दिलीय आणि तुम्ही रिकामी ठेवता?"

पुढचे दोन महिने आम्ही टबाच्या बाहेर बसून बादलीने आंघोळ केली.

* * *

बोळिंजला दिवसा दार बंद म्हणजे एकतर घरात कुणी नाही, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडण. आईने इथेही दार सताड उघडं टाकलं. तीन दिवस बघून समोरच्या कुणीतरी पोलिसांना कळवलं, चोरी झालेली दिसते!

सहा फुटी पोलीस आला. आईने त्याला बसवलं, चहा दिला, उपमा दिला. त्याने बिचाऱ्याने अर्धा तास दार लावण्याचं महत्त्व इंग्रजीतून समजावलं. संध्याकाळी मी विचारलं, काय म्हणत होता गं?

"भला माणूस आहे. मीठ बरोबर झालंय म्हणाला."

* * *

हसायचं तेवढं हसलो, पण खरं सांगतो, तिसऱ्या महिन्यात आई गप्प झाली. कॅलेंडरवरचे दिवस खोडायला लागली.

ऑक्टोबर लागला तशी आयरीन तिला आपल्याकडे घेऊन जायला लागली. वसईच्या ख्रिस्ती घरांत हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना; महिनाभर त्यांच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना, आणि ती मराठीत. आई एक दिवस चुकली नाही. म्हणायची, देव कुणाचा का असेना, कानावर मराठी तरी पडतं. पहिल्या दिवशी प्रार्थना संपली तरी ती जागची हलेना. आयरीनने विचारलं, काकी, काय झालं? आई म्हणाली, "प्रसाद राहिला ना!"

दुसऱ्या दिवसापासून ऑकलंडात रोझरीनंतर शिरा सुरू झाला. कॅलेंडरवरचं खोडणं मात्र थांबलं नाही.

* * *

आता शेवटचा.

आमच्या शेजारी मार्गारेटबाई राहायच्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या. आई त्यांना 'ताई' म्हणायची. वयाने मोठी शेजारीण म्हणजे ताई, त्यात विचारायचं काय? कुंपणाच्या अलीकडून ही मराठीत, पलीकडून त्या इंग्रजीत, तासतासभर गप्पा! एकदा त्यांनी मला विचारलं, ताई म्हणजे काय? मी सांगितलं, मोठी बहीण. त्या टोमॅटो खुडत राहिल्या.

तिकिटाला आठवडा उरला. आईची बॅग भरून तयार. नेमकं त्याच आठवड्यात ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. आई म्हणाली, मी सोबत जाणार. मी दोघींना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं.

काउंटरवर नर्स फॉर्म वाचत होती. घरी काळजी कोण घेणार, या रकान्यात ताईंनी आईचं नाव लिहिलं होतं. पुढे नातं: बहीण.

नर्सने मान वर केली. एक गोरीपान, निळ्या डोळ्यांची. दुसरी सावळी, कपाळावर टिकली, साडीखाली पांढरे बूट. तिने मला हळूच विचारलं, या खरंच बहिणी आहेत?

फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते मी आईला मराठीत सांगितलं. तिने ताईंकडे बघितलं. ताई खाली बघत पर्सचा पट्टा सारखा करत होत्या.

"येस," आई नर्सला म्हणाली, "धाकटी."

मग माझ्याकडे वळली. "डोळ्यात थेंब किती दिवस घालायचे ते नीट विचारून घे. आणि ते तिकीट रद्द कर."